कंपास ब्लॉक अपडेट: शेवटी कागदानेच गेम केला होता

मंडळी, सापडलं! क्विल्टमधल्या कंपास ब्लॉकचे (छापलेल्या कागदावर कापडाच्या पट्ट्या शिवून बनवायचा सोळा टोकांचा तारा, कागद शेवटी फाडून काढायचा) चार पाव-तुकडे जोडताना बाहेरच्या टोकांना जो एक-सव्वा मिलिमीटरचा फरक येत होता, ज्याच्यापायी मी तुम्हा सगळ्यांचं डोकं खाऊन ठेवलंय, त्याचं कारण सापडलं. कागद.

तुम्ही सुचवलेलं सगळं करून झालं होतं. मशीनचा टाका १.५ वर, सुई १४ नंबर, डिझाइनची प्रिंट शंभर टक्क्यांवर, तिच्यावरचा मापाचा एक इंचाचा चौकोन स्टीलच्या पट्टीने मोजून, 'फिट टू पेज' बंद आहे ना ते दुकानातल्या पोराला दोनदा विचारून (तो आता मला बघितलं की आधीच मान हलवतो). तरी केंद्र जुळवलं की बाहेरची टोकं पळायची आणि बाहेरची धरून शिवलं की मधे सोळा टोकांची खिचडी. उसवून उसवून एका ब्लॉकच्या इंडिगो कापडाला भोकं पडायची वेळ आली.

मग एकदा वैतागून न शिवलेल्या दोन कोऱ्या प्रिंटा इस्त्री करून एकावर एक ठेवल्या तर तंतोतंत, रेषेवर रेष. आणि सहज म्हणून वरची नव्वद अंशात फिरवली, म्हणजे ब्लॉकमध्ये जशी येते तशी, तर एक कड दुसरीपेक्षा लांब! डिझाइन तेच, प्रिंटर तोच.

हे खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवलं, त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलंय. ते म्हणाले, "अगं, कागदाला ग्रेन असतो, तुझ्या कापडाला असतो तसाच. पावसाळ्यात आम्ही रडायचो याच्यापायी." तर गोष्ट अशी आहे की कागद बनताना त्याचे तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात, तोच ग्रेन, आणि दमट हवेत तंतू लांबीला फार वाढत नाहीत, जाडीला फुगतात, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. इस्त्री फिरवली की पाणी उडतं आणि त्याच दिशेला तो आकसतो. आता माहीम, जुलै महिना, खिडकी उघडी. आपण कापडाची दर पट्टी शिवली की इस्त्री करतो, मग तुकडा रात्रभर टेबलावर पडतो, तो परत फुगतो, दुसऱ्या दिवशी परत इस्त्री. आणि कंपासमध्ये पाव-तुकडा फिरवून लावतो, त्यामुळे प्रत्येक शिवणीत एकाची उभ्या ग्रेनची कड दुसऱ्याच्या आडव्या ग्रेनच्या कडेला येते. चारही शिवणींत. जुळणार कुठून?

ग्रेन कुठला ते बघायला काकांची युक्ती: कागदाचा छोटा चौकोन कापा, एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तो गुंडाळी होतो, गुंडाळीची लांबी ज्या दिशेला तो ग्रेन. फाडूनही कळतं, ग्रेनच्या दिशेला सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. माझ्या रीमचा ग्रेन ए-फोरच्या लांबीच्या दिशेला निघाला, बहुतेक रीममध्ये तसाच असतो.

उपाय ऐकून हसाल. चारपैकी दोन पाव-तुकडे, एक सोडून एक, पानावर आडवे फिरवून प्रिंट करायचे, बस. साडेसहा इंचांचा चौकोन ए-फोरवर कसाही मावतो. मग जोडताना उभ्याला उभी आणि आडव्याला आडवीच कड येते. शिवाय चारही तुकडे वाफ बंद ठेवून कोरड्या इस्त्रीने एकत्र तापवायचे आणि लगेच जोडायचे, मधे चहा नाही. केंद्रात एक पिन दोन्ही टोकांतून उभी आरपार, आजूबाजूला मोठ्या टाक्याने कच्ची शिलाई, उलगडून बघायचं, आवडलं तरच १.५ वर पक्की. ब्लॉक अगदी किंचित लांबट येतो, पण तो सगळा एकाच दिशेने येतो, म्हणून कागदावर बाण काढून ठेवायचा आणि सगळे ब्लॉक क्विल्टमध्ये त्याच दिशेने लावायचे. बॉर्डरमध्ये ते मरतं.

आणि मंडळी, केंद्र आलं! सोळाच्या सोळा टोकं, एकही बोथट नाही. मागून शिवण उघडून दाबली तरी गाठ हाताला लागत नाही. मी तो ब्लॉक सोफ्याच्या पाठीवर टाकून ठेवलाय आणि येता-जाता बघते. कागद मात्र अजून काढलेला नाही, कापडाच्या कडा उरेब (तिरक्या कापलेल्या) आहेत, शेजारचा ब्लॉक लागल्याशिवाय काढला तर ताणून वाट लागेल.

शिवणीसाठी सोडायचं मार्जिन कापायच्या इम्पोर्टेड पट्टीबद्दल विचारलं होतं कोणीतरी. चांगली आहे, पण माझं लग्नपत्रिकेवर भागतं. जाड पत्रिका रेषेवर ठेवायची, कागद तिच्यावर दुमडायचा, साधी ॲक्रिलिक पट्टी लावून पाव इंचावर कटर. यंदा पत्रिका भरपूर आल्यात. कापड मंगलदास मार्केटचं साधं केंब्रिक, त्याला तोड नाही, फक्त आधी धुऊन घ्या. ऑनलाइन जो 'खास फाउंडेशन पेपर' (म्हणजे ज्यावर पट्ट्या शिवायच्या तो आधाराचा कागद) मिळतो तो मला दरोडा वाटतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. उरलेल्या ब्लॉकना प्रिंट तरी कशाला हवी? कोऱ्या न्यूजप्रिंटचे (वर्तमानपत्राच्या पातळ कागदाचे) चौकोन कापायचे, एक सोडून एक फिरवून सात-आठांची चळत करायची, वर एकच प्रिंट, स्टेपल, आणि सुईतला दोरा आणि बॉबिन दोन्ही काढून मशीन रेषांवरून चालवायचं. भोकांची नक्षी सगळ्यांवर एकसारखी उठते आणि दोन्ही बाजूंनी दिसते, म्हणजे उलट-सुलटचा घोळही कमी. आयती भोकं असल्यामुळे शेवटी कागदही पटकन निघेल, ८० जीएसएमचा कागद टोकांमधून चिमट्याने ओढायचा कंटाळा आलाय मला. कागदाने सुई बोथट होते, तेव्हा यासाठी जुनीच सुई.

म्हणजे परवा म्हटलं होतं की उरलेले ब्लॉक मलमलच्या फाउंडेशनवर करीन, ते रद्द. मलमल आतच राहते, कागद काढायची भानगड नाही हे खरं, पण एक थर वाढतो आणि मला वरून हाताने धावदोरा घालायचाय, गोधडीसारखा. सोळा टोकांच्या जाडीतून सुई ओढताना बोटांची वाट लागेल. शनिवारी अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन न्यूजप्रिंट बघते, जमलं तर रोलच घेते, रोलमध्ये ग्रेन लांबीच्याच दिशेला असतो, ओलं बोट फिरवायला नको. कोणी न्यूजप्रिंटवर पावसाळ्यात काम केलं असेल तर आधी सांगा, इस्त्रीखाली लिबलिबीत होतो का?