अण्णांची चित्रे आणि घरचा सर्व्हर

इंदिरानगर, नाशिक. रविवार, रात्र.

आज दिवसभर स्कॅनरपुढे बसून अण्णांची १९ चित्रे पुन्हा संगणकात घेतली. 'पुन्हा' हा शब्द लिहिताना मन खंतावते, कारण हेच काम दोन वर्षांपूर्वी एकदा नीट पार पडले होते आणि गेल्या आठवड्यात ते माझ्याच हातून पुसले गेले.

आमच्याकडचे कॅसेटवरचे जुने चित्रीकरण, म्हणजे दादाची मुंज, आत्याचे लग्न, २००३ च्या सिंहस्थात आईने रामकुंडावर टिपलेली पहाट, हे सारे मी संगणकात उतरवून घेतले होते आणि घरातल्या टीव्हीवर सर्वांना पाहता यावे म्हणून छोटा मीडिया सर्व्हर उभा केला होता. चित्रपट असेल तर असा सर्व्हर इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यातून त्याचे पोस्टर आपोआप आणतो, पण दादाच्या मुंजीचे पोस्टर तो कोठून आणणार? अण्णा निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी एकेक चित्रीकरण शांतपणे पाहिले आणि प्रत्येकासाठी ए-फोर आकाराच्या जाड कागदावर जलरंगात एकेक पोस्टर रंगवले. सिंहस्थाच्या त्या चित्रीकरणात आई कोठेच दिसत नाही, कारण कॅमेरा तिच्याच हातात होता. अण्णांनी मात्र पोस्टरवर तिला पाठमोरी, घाटाच्या पायरीवर कॅमेरा डोळ्याला लावून उभी असलेली काढली आहे. चित्रीकरणात जे नाही ते या कागदावर आहे, आणि म्हणून मला ही पोस्टरे नुसती सजावट वाटत नाहीत.

गेल्या रविवारी काही नावे दुरुस्त करताना मी संपूर्ण संग्रहाची माहिती ताजी करण्याची आज्ञा दिली आणि 'असलेली चित्रे बदला' या चौकटीत खूण राहू दिली. काही मिनिटांत आत्याच्या लग्नावर कोणत्या तरी अनोळखी चित्रपटातल्या नटनटींचे चेहरे आले, कारण तो संग्रह मी 'चित्रपट' या प्रकारात नोंदवला होता आणि सर्व्हर फोल्डरच्या नावावरून जुळणारा चित्रपट शोधत होता. बाकी ठिकाणी चित्रीकरणातलीच एखादी अंधुक चौकट पोस्टर म्हणून येऊन बसली.

त्यानंतरच्या दोन रात्री मी कारण शोधण्यात घालवल्या, आणि ते येथे नीट लिहून ठेवते. सर्व्हरच्या पानावरून पोस्टर चढवले की ते डोळ्यांना त्या चित्रफितीला चिकटलेले दिसते, पण प्रत्यक्षात ते कोठे साठवले जाते हे मांडणीवर अवलंबून असते. चित्रे चित्रफितीच्याच फोल्डरात जतन करण्याचा पर्याय मी निवडला होता खरा. परंतु चुकून एखादी फीत पुसली जाऊ नये म्हणून त्या फोल्डरांवर सर्व्हरला केवळ वाचण्याची परवानगी दिली होती. तेथे लिहिता येईना, तेव्हा त्याने सारी चित्रे स्वतःच्या अंतर्गत साठ्यात ठेवली, आणि त्या साठ्यातली चित्रे बदलण्याचा अधिकार त्याला पूर्णपणे होता. मी फितींचा बॅकअप घेत होते. या साठ्याचा कधीच घेतला नव्हता.

आता व्यवस्था उलटी केली आहे. प्रत्येक चित्रफितीला स्वतंत्र फोल्डर, आणि त्यात फितीशेजारीच 'पोस्टर' या नावाची (नाव इंग्रजी अक्षरांत) जेपीजी फाइल मी माझ्या संगणकावरून हाताने ठेवते. जेलीफिन, एम्बी, प्लेक्स, कोडी हे चित्रफितींचा संग्रह दाखवणारे चारही संगणक-कार्यक्रम हे नाव ओळखतात, त्यामुळे उद्या सर्व्हर बदलला तरी चित्र फितीबरोबरच जाईल. सर्व्हरला वाचण्यापुरतीच परवानगी मी कायम ठेवली आहे. जी परवानगी पूर्वी आड आली तीच आता राखण करते. शिवाय संग्रहाचा प्रकार बदलून 'घरगुती चित्रफिती' केला, इंटरनेटवरून चित्रे आणणारे सर्व स्रोत बंद केले आणि सर्व्हरने आपोआप बदल करू नये म्हणून प्रत्येक नोंदीला लॉक लावले. लॉक एकट्याने पुरेसे नाही, असे माझे मत झाले आहे, कारण ते शेवटी त्याच कार्यक्रमाच्या नोंदवहीत असते.

स्कॅनिंगला मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो मी आनंदाने दिला. तीनशे डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके धरून, ए-फोर कागद २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो, तर पोस्टरची चौकट दोनास तीन या प्रमाणाची असते, म्हणजे तेवढ्याच रुंदीला ३७२० पिक्सेल उंची लागते. मागच्या वेळी मी बाजू कापून प्रमाण जुळवले होते आणि दोन चित्रांत अण्णांच्या सहीचे शेवटचे अक्षर गेले होते. या वेळी काहीही कापले नाही. वर आणि खाली १०६-१०६ पिक्सेलची कागदाच्याच रंगाची पट्टी जोडली. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळे ठेवले आहेत, कारण जेपीजी दर वेळी नव्याने जतन करताना थोडा तपशील गमावते. एक टिफ साधारण २६ एमबीची, म्हणजे सगळी मिळून ५०० एमबीसुद्धा नाहीत. एवढ्याशा जागेसाठी दोन वर्षे हयगय केली. आता एक प्रत सर्व्हरवर, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक दादाकडे पुण्याला राहील.

दुपारी अण्णा पंचवटीहून चित्रांची फाइल घेऊन स्वतः आले होते. मी क्षमा मागितली, तर म्हणाले, "अगं, कागद आहेत ना जागेवर? मग काय गेलं?" नंतर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा विषय निघाला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत रिळांबरोबर पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांना ते अगदी योग्य वाटत होते. माझ्या मनात वेगळेच चालले होते. त्यांचा हात आता थरथरतो. त्या घाटाच्या पायऱ्या त्यांना पुन्हा तशा काढता येणार नाहीत.

एक चित्र अद्याप बाकी आहे. लग्नाचे पोस्टर अण्णांनी आत्याला भेट दिले होते आणि ते सिन्नरला तिच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेले आहे. काचेवरून स्कॅन केले तर चमक येईल, म्हणून चौकट मागून उघडावी लागेल, आणि आत्याची त्याला परवानगी हवी. संध्याकाळी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी ये, पण अण्णाला घेऊन ये. चौकट त्यानेच उघडायची." तोवर त्या फोल्डरात मी कोणतेही चित्र ठेवलेले नाही.