ब्लॅक फॉरेस्टच्या माहेरी

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलभागात ऑफेनबुर्गहून ट्रीबर्गला जाणारी गाडी हॉर्नबर्ग सोडलं की बोगद्यांत शिरत, बाहेर पडत चढू लागते. रोबर्ट गेरविग या इंजिनियरने आखलेला हा मार्ग १८७३ साली पुरा झाला. आपल्या बोरघाटात पूर्वी इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलटी काढावी लागे. गेरविगने डोंगरातच दुहेरी वळसे घालून ती कटकट टाळली. बाहेर सूचिपर्णी झाडं इतकी दाट, की भर दुपारीही अंधारून आल्यासारखं वाटतं.

ट्रीबर्गमध्ये धबधबा आहे, कुकू घड्याळांची दुकानं आहेत. दोन्ही पाहिली. पण पाय ओढत होते ते ब्लॅक फॉरेस्ट केककडे.

गंमत म्हणजे या केकवर हक्क सांगणारी दोन्ही गावं या जंगलाबाहेरची! योसेफ केलर हा केक-मिठाई बनवणारा म्हणायचा, की १९१५ साली बॉनजवळच्या बाड गोडेसबर्गमध्ये, कॅफे आग्नरमध्ये काम करताना मी तो पहिल्यांदा केला. दुसरा दावा ट्युबिंगेनचा: तिथल्या कॅफे वाल्झमध्ये एर्विन हिल्डेनब्रांडने १९३० मध्ये केला म्हणे. छापील पुस्तकात हा केक दिसतो तो १९३४ पासून. केलरच्या हाताखाली शिकलेल्याकडून कृती आपल्याकडे आली, असं ट्रीबर्गचं कॅफे शेफर सांगतं. मला विचाराल तर एकाच कोणाला श्रेय देण्यात अर्थ नाही. चेरी, क्रीम आणि चेरीची दारू हे त्रिकूट या भागात आधीपासून एकत्र खाल्लं जायचंच. कोणीतरी त्याला चॉकलेट स्पंजचे थर दिले, एवढंच.

ती दारू म्हणजे किर्शवासर. आंबवलेल्या चेरींपासून गाळलेली, पाण्यासारखी नितळ आणि अजिबात गोड नसलेली. जर्मनीत केकबद्दलचे नियमही आहेत: किर्शवासरची चव स्पष्ट लागलीच पाहिजे, नाहीतर हे नाव लावायचं नाही.

तुकडा समोर आला आणि पहिल्या घासालाच नाकात झणका गेला. आंबट चेरी, जेमतेम गोड क्रीम, कडसर चॉकलेट आणि मागून येणारी ती दारू. आपल्याकडच्या बेकरीतला ब्लॅक फॉरेस्ट हा वेगळाच प्राणी. वाढदिवसाला हमखास येणारा, पाकाने ओला, वर लाल चेरी. आणि ती चेरी बऱ्याचदा रंगवून पाकात मुरवलेलं करवंद असते! जर्मन नियम लावले तर आपले बहुतेक ब्लॅक फॉरेस्ट पहिल्याच फेरीत बाद. मुलांच्या वाढदिवसाला दारू कोण घालणार, तेही खरंच.

शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी अख्खा तुकडा संपवून दुसरा मागवला. मला एकच झेपला. दारू न घेणाऱ्यांनी मात्र इथे ऑर्डर देण्याआधी जरूर विचारावं, कारण स्पंजही त्यातच भिजवलेला असतो.