राजा निवडताना मी त्याचं घर बघते

सम्राट घेऊ नकोस, असं मी ताईच्या मुलाला सांगितलं आणि तो खट्टू झाला. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा संपल्या संपल्या त्याने क्रुसेडर किंग्ज ३ हा कॉम्प्युटर गेम घेतला, नकाशावर सगळ्यात मोठा रंग कुठला ते पाहिलं आणि थेट बायझंटाइन गादीवर बसायला निघाला. "मावशी, फौज बघ ना त्याची!" फौज बघितली. पण एवढ्या मोठ्या राज्यात नवख्या माणसाला करायला काय उरतं? रोज कोणीतरी सरदार रुसतो, त्याची समजूत घालायची. शेजारी घाबरून असतात. तासाभरात कंटाळा येतो आणि मग मुलं म्हणतात, गेम स्लो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा मध्ययुगातला डावपेचांचा खेळ २०२० साली आला. सुरुवात ८६७ किंवा १०६६ सालापासून करता येते, २०२४ मध्ये ११७८ ची सुरुवातही मिळाली. शेवट १४५३ ला. तुम्ही देश खेळत नाही, घराणं खेळता. राजा मेला की त्याचा वारस म्हणजे तुम्ही. आणि आपल्या घराण्यातला वारसच उरला नाही तर खेळ खलास. पहिल्या दिवसापर्यंत सगळं इतिहासाप्रमाणे असतं, तारीख एक दिवस पुढे सरकली की पुढचं सगळं कल्पनेचं. ज्यांना तेवढ्यानं भागत नाही त्यांच्यासाठी जादू आणि राक्षसांची अख्खी कल्पित जगं असलेले मॉड्स, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेले फेरबदल, आहेत. निवड मात्र तिथेही मी अशीच करते.

अशीच म्हणजे कशी? हे मला माझ्या बाबांमुळे कळलं. ते निवृत्त आहेत, संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. खेळातलं इंग्रजी त्यांना वाचायचं नसतं. नकाशावर मी कोणावरही क्लिक केलं की त्यांचे ठरलेले प्रश्न येतात: "याला मुलगा आहे का? भाऊ किती? वरती कोण?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्या गावात गादीचा विषय निघाला की वारसाचा निघतोच. दौलतराव शिंदे १८२७ साली गेले ते मुलगा नसताना. त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतलं. जनकोजीही १८४३ मध्ये निपुत्रिक गेले, पुन्हा दत्तक, गादीवर लहान मूल आणि कारभार कोणी करायचा यावरून दरबारात फाटाफूट. त्या गोंधळात इंग्रजांची फौज आत आली आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढाया एका दिवशी झाल्या. तर बाबांचे तीन प्रश्न हीच माझी पद्धत. स्थळ बघताना मुलाचा पगार सगळेच विचारतात, शहाणी बाई त्याचं घर बघून येते. राजाचंही तसंच.

खेळ उघडल्यावर समोर काही ठरावीक चेहरे मांडलेले असतात, खाली सोपं-अवघड लिहिलेलं. तिथे थांबू नका. नकाशावर जा, कुठल्याही जागेवर क्लिक करा, तिथला धनी बहुतेक वेळा खेळता येतो, मग तो सम्राट असो की एका परगण्याचा मालक. त्याच्या नावाखाली आकडे असतात: मुत्सद्देगिरी, युद्ध, कारभार, कारस्थान, विद्या, शिवाय अंगातली ताकद. मुलं हेच बघतात. मी ते सगळ्यात शेवटी बघते, कारण हा माणूस वीस-पंचवीस वर्षांत मरणारच आहे. त्याचं घर मात्र राहणार आहे.

भाऊबंदकी बघायची असेल तर १०६६ चं स्पेन. लिओनचा फर्नांदो पहिला आदल्याच डिसेंबरात गेलेला. जाताना त्याने राज्याच्या वाटण्या केल्या: थोरल्या सांचोला कॅस्टील, मधल्या अल्फोन्सोला लिओन, धाकट्या गार्सियाला गॅलिसिया. तिघे भाऊ शेजारी-शेजारी, आणि तिघांचाही एकमेकांच्या वाट्यावर डोळा. इतिहासात पुढे काय झालं? सांचोचा १०७२ मध्ये झामोरा शहराबाहेर खून झाला, सगळं अल्फोन्सोच्या हाती आलं, आणि गार्सिया बिचारा कैदेतच मेला. म्हणून मी गार्सिया घ्यायला सांगते. इतिहासाने ज्याला कोपऱ्यात ढकललं त्याच्याकडे काहीतरी करून दाखवायचं शिल्लक असतं. अल्फोन्सो घेऊन जिंकलात तर तुम्ही काय वेगळं केलंत?

वाटण्यांचा हा नियम जवळजवळ सगळ्यांनाच लागू असतो, हे नवीन मुलांना उशिरा कळतं. सुरुवातीच्या काळात बाप मेला की जमीन मुलांमध्ये विभागली जाते. त्यामुळे चार मुलगे असणं हे भाग्य नसतं. चार मुलगे असलेला राजा बघितला की बाबा मागून "संपलं" म्हणतात.

मुलगा नसण्याची गोष्ट आणखी वेगळी. तोस्कानाची मातिल्दा बघा, पुन्हा १०६६. वय वीस. बाप शिकारीत मारला गेला तेव्हा ती सहा वर्षांची, पाठोपाठ भाऊही गेला. आईने दुसरं लग्न केलं. म्हणजे एवढ्या मोठ्या घराण्याची ही एकटी उरलेली. वरती जर्मनीचा राजा हाइनरिख चौथा, जो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा पोरगा. हाच हाइनरिख १०७७ च्या हिवाळ्यात मातिल्दाच्या कानोसा किल्ल्याच्या दाराशी पोपची माफी मागायला तीन दिवस ताटकळला. खेळताना तुम्हाला एवढंच माहीत असतं की हिच्याकडे पैसा आहे, जमीन आहे, आणि घराण्यात दुसरं कोणी नाही. पहिलं काम लग्न. तेही नेहमीचं नाही. नेहमीसारखं लग्न लावलंत तर मुलं नवऱ्याच्या घराण्यात जातील, तुमचं घराणं तिच्याबरोबर बुडेल. इथे घरजावई शोधावा लागतो, आणि चांगल्या घरातले थोरले मुलगे घरजावई व्हायला राजी होत नाहीत. मग धाकटे बघायचे, त्यातला कोण बरा, कोणाच्या बापाची फौज वेळेला येईल, कोण पुढे जाऊन डोक्यावर बसेल. या एका निर्णयात माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि लढाई एकही झालेली नसते. प्रत्यक्षात मातिल्दा १११५ मध्ये वारस न ठेवता गेली, त्यामुळे तिचं घराणं पुढच्या शंभर वर्षांत नेण्यात एक वेगळीच मजा आहे.

बाबांचा आवडता मात्र जेरुसलेमचा बाल्डविन चौथा. ११७८ मध्ये सतरा वर्षांचा, अंगावर कुष्ठरोग. लग्न-मुलं विसरा. त्याची बहीण सिबिला नुकतीच विधवा झालेली, तिच्या मांडीवर तान्हं बाळ, आणि सीमेपलीकडे सलाहुद्दीन. राजाच्या हातात थोडी वर्षं आहेत, तेवढ्यात बहिणीचं दुसरं लग्न योग्य माणसाशी लावायचं. बाबा म्हणतात, राजा कसला, हा तर घरातला मोठा भाऊ आहे.

आकड्यांपेक्षा स्वभावाकडे मी जास्त बघते हे सांगायला हवं. खेळात ताण असतो. राजा दयाळू असेल आणि तुम्ही त्याच्या हातून कैद्याचं डोकं उडवलंत तर त्याचा ताण चढतो, आणि फार चढला की तो दारूला लागतो किंवा भलतंच काही करून बसतो. म्हणून शूर, न्यायी, मेहनती असा आदर्श राजा घेतला तर तो सरळ चालतो, बस. मला महत्त्वाकांक्षी पण आळशी असा माणूस द्या. तो आपल्या ऑफिसातही असतो, त्याला कसं हाताळायचं ते माहीत असतं.

८६७ चा व्हायकिंग हॅस्टाइन सगळ्यांना माहीत असतो, फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोंतेग्यूत थोड्याशा जमिनीवर बसलेला. मेल्याचं सोंग करून शवपेटीतून शहरात शिरला आणि लुटल्यावर कळलं की ते रोम नव्हतंच, अशी त्याची दंतकथा. मजेदार आहे, पण त्याला मागे-पुढे काही नाही, त्यामुळे माझं मन रमत नाही.

आता घराजवळचं. १०६६ मध्ये कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर पहिला खेळता येतो. दक्षिणेला चोळ, आणि घरातल्या मुलग्यांत थोरला सोमेश्वर आणि त्याच्याहून धाकटा विक्रमादित्य, ज्याने १०७६ मध्ये थोरल्याला बाजूला सारून गादी घेतली. हा डाव प्रत्येक मराठी माणसाने एकदा मांडावा. सुरुवातच धाकट्याचं काय करायचं इथून होते. जमीन देऊन गप्प बसवायचं, की लांब कुठेतरी मोहिमेवर पाठवायचं?

८६७ मध्ये आमच्या ग्वाल्हेरवर प्रतिहार भोजाचं राज्य. तो फार मोठा, म्हणून मला नको. पण किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे ना, जिथला ८७६ चा शिलालेख लोक शून्य बघायला येतात? बागेची मोजमापं आहेत त्यात, १८७ हात आणि २७० हात, आणि देवाला रोज ५० माळा. शून्यापेक्षा मला ते मंदिर बांधणारा माणूस आवडतो. अल्ल त्याचं नाव, वाइल्लभट्टाचा मुलगा, भोजाने नेमलेला किल्ल्याचा कोट्टपाल. म्हणजे वर सम्राट, खाली तेली आणि माळी, आणि मध्ये हा, देवळाच्या दिव्याचं तेल कोण देणार ते दगडावर लिहून ठेवणारा. असा माणूस खेळात तयार मिळत नाही. पण स्वतःचा राजा बनवायची सोय आहे, आधीच्या धन्याला हटवून त्याच्या जागी आपला बसवायचा. गुण घ्याल तसे पॉइंट चढतात आणि अचीव्हमेंट, म्हणजे खेळात मिळणारी बिरुदं, हव्या असतील तर ४०० च्या आत राहावं लागतं. एरवी मला ही सोय आवडत नाही, कारण लोक देखणा, बलदंड, बुद्धिमान असा पुतळा करतात. अल्लाला मी मेहनती, देवभक्त आणि लोभी केला. लोभी मुद्दाम. देऊळ बांधणाऱ्याला पैसे सुटत नसतील तर बघा कशी त्रेधा उडते.

बाबांचं म्हणणं, बनवायचाच तर महादजी बनव. त्यांचं बरोबर आहे. १७६१ चा महादजी: पाय पानिपतात जायबंदी, राणेखान भिस्त्याने वाचवलेला, जयाप्पा नागौरला गेलेला, दत्ताजी बुराडी घाटावर, तुकोजी आणि पुतण्या जनकोजी पानिपतात. एवढं होऊनही सरदारकी सरळ मिळेना, कारण हा राणोजींचा औरस मुलगा नव्हे. वर पेशवे, शेजारी होळकर. हक्काची सरदारकी हातात यायला १७६८ उजाडलं. तिन्ही प्रश्नांना इतकी वाईट उत्तरं असलेला माणूस मी नकाशावर दुसरा पाहिलेला नाही. पण खेळ १४५३ ला संपतो, आणि पेशव्यांशिवाय महादजी बनवला तर तो अर्धाच होईल. बाबांना हे पटलेलं नाही.

भाच्याने शेवटी गार्सिया घेतला. काल रात्री त्याचा मेसेज आला: "मावशी, सांचोने युद्ध पुकारलं, पैसे नाहीत, काय करू?" मी लिहिलं, तू लग्न कोणाच्या मुलीशी केलंस ते आधी सांग, त्या सासऱ्याला बोलाव. बराच वेळ टायपिंग दिसत होतं. मग आलं: "लग्न करायचं असतं का?"