गुइझी तांगची पाच द्रव्ये

चिनी वनौषधींचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी एक जाड वही आणली आणि एका पानावर एक द्रव्य, त्याखाली त्याचे गुण, अशी नोंद करू लागले. ‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन ग्रंथात ३६५ द्रव्ये आहेत. ली शिझेन या वैद्यांनी सुमारे २७ वर्षे खपून सिद्ध केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५९६ मध्ये नानजिंग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘बेनत्साओ गांगमू’मध्ये ती १,८९२ पर्यंत पोहोचली आहेत. प्रत्येकाची प्रकृती उष्ण की शीत, चव पाचांपैकी कोणती, आणि ते कोणत्या अवयवाच्या वाहिनीकडे जाते, एवढे पाठ केले की विषय हाती येईल, असा माझा समज होता. (आपल्याला षड्रसांची सवय असल्यामुळे पाच चवी ऐकताच सहावीचे काय झाले, हा प्रश्न पडतो, तुरट चव तिथे बहुधा आंबटाच्या पोटात धरली जाते.)

हा समज ‘गुइझी तांग’ या काढ्याने मोडला. इसवी सन २०० च्या आसपास झांग झोंगजिंग या वैद्यांनी ‘शांगहान लुन’ या ग्रंथात दिलेल्या या योगात पाचच द्रव्ये आहेत : दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या तीन लियांग (लियांग हे जुने चिनी वजन), पिओनी या फुलझाडाचे मूळ तीन लियांग, ओले आले तीन लियांग, ज्येष्ठमध दोन लियांग आणि बोराच्या जातीची बारा लाल फळे. वारा लागून ताप आला आहे, घाम येतो आहे, तरीही ताप उतरत नाही, अशा रोग्यासाठी तो आहे. फांद्या घाम बाहेर काढतात आणि पिओनी आतले द्रव धरून ठेवते, म्हणजे दोन्ही द्रव्ये परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात आणि योगाचे काम त्या ओढाताणीतूनच होते. आता याच योगातील पिओनी तीनऐवजी सहा लियांग करा, बाकी काहीही बदलू नका. तो पोट फुगून दुखण्यावरचा काढा होतो. याउलट फांद्या पाच लियांग केल्या, तर ओटीपोटातून छातीकडे काहीतरी उसळत येते अशी तक्रार असलेल्या रोग्याला तो दिला जातो. वहीतल्या ‘पिओनी’च्या पानावर मी जे लिहिले होते त्यातून यांपैकी काहीही कळत नव्हते.

ग्रंथातली कृती तर मला योगाइतकीच महत्त्वाची वाटते. सात शंग (शंग हे द्रव मोजण्याचे जुने चिनी माप) पाणी मंद आचेवर तीन शंग होईपर्यंत आटवायचे, त्यातला एक शंग प्यायचा, थोड्या वेळाने वरून गरम पातळ पेज घ्यायची, पांघरूण घेऊन पडायचे आणि सर्वांगाला जेमतेम ओल सुटेल इतकाच घाम येऊ द्यायचा. धारा लागल्या तर रोग हटत नाही. पहिल्याच मात्रेने बरे वाटले, तर उरलेला काढा घ्यायचा नाही. पेजेचा उल्लेख गाळून केवळ पाच नावे छापणाऱ्या पुस्तकांवर माझा विश्वास बसत नाही.

पुढे वहीतले एकेक पानही फुटू लागले. दीहुआंग हे मूळ कच्चे वापरले तर रक्तातील उष्णता कमी करण्यासाठी, आणि मद्यात वारंवार वाफवून काळेभोर केले तर रक्ताचे पोषण करण्यासाठी. वनस्पती एकच, पण अभ्यासक्रमात ती दोन वेगळ्या गटांत शिकवली जाते. नावांचा घोळ याहून गंभीर आहे. ‘फांगजी’ या नावाने पूर्वी एकाहून अधिक वनस्पतींची मुळे विकली जात. त्यांपैकी ‘ग्वांग फांगजी’ ही ॲरिस्टोलोकिया कुळातली असून तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला घातक असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चूर्णात दुसऱ्या फांगजीच्या जागी ही मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या घटनेनंतर मी प्रत्येक चिनी नावासमोर लॅटिन नाव लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

सध्या मी लियांगपाशी अडले आहे. ली शिझेन यांनी प्राचीन एक लियांग म्हणजे त्यांच्या स्वतःच्या काळचा एक छियन (लियांगचा दहावा भाग) धरावा असे सुचवले, आणि त्यानुसार आजचे बहुतेक वैद्य एक लियांग सुमारे ३ ग्रॅम मानतात; उत्खननात सापडलेली हान राजवटीच्या, म्हणजे झांग यांच्या काळातली वजने मात्र सुमारे १४ ते १५ ग्रॅम सांगतात. घटकांचे परस्पर प्रमाण दोन्ही हिशेबांत तेच राहते, म्हणून योगाच्या तर्काला धक्का लागत नाही. परंतु ज्येष्ठमध एका हिशेबाने ६ ग्रॅम आणि दुसऱ्याने ३० ग्रॅमच्या जवळ जातो, आणि तो अधिक मात्रेत बरेच दिवस पोटात गेला तर रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. पहिल्याच मात्रेने बरे वाटले तर थांबा, ही ग्रंथातली सूचना मोठ्या मात्रेचा हिशेब मनात धरूनच लिहिली असावी, असे मला वाटू लागले आहे. म्हणून आता ‘शांगहान लुन’मधील ज्येष्ठमध असलेले सर्व योग त्यांच्या थांबण्याच्या सूचनांसह एका नव्या वहीत उतरवून घेत आहे.