'दोंगुरिको' नाही, 'दोंबुरिको'!

ऑक्टोबरात मुलाच्या दप्तरातून होइकुएनची चिठ्ठी निघाली. होइकुएन म्हणजे आपल्या पाळणाघर आणि बालवाडीच्या मधलं काहीतरी. डिसेंबरच्या कार्यक्रमात चार वर्षांच्या गटातल्या पालकांनी मुलांसोबत चार गाणी म्हणायची होती, तीही हातवाऱ्यांसकट. बायकोने चिठ्ठी वाचली आणि "तुझं जपानी माझ्यापेक्षा बरं आहे" म्हणून मोकळी झाली. शाळेत समूहगीताच्या वेळी मला मागच्या रांगेत उभं करून नुसतं तोंड हलवायला सांगायचे, हे तिला लग्नाआधीच सांगायला हवं होतं.

गाण्यांचे शब्द हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे वाचता येणाऱ्या सोप्या जपानी अक्षरांत छापलेले होते, हे नशीब. कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपीतली अक्षरं असती तर टोकियोत सहा वर्षं काढूनही मी हात टेकले असते. प्रत्येक ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहिला, दीर्घ स्वर आला की अवग्रह टाकला आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

पहिलं गाणं 'दोंगुरी कोरोकोरो'. १९२१ सालचं आहे, पण इथल्या प्रत्येकाला पाठ. ओकच्या झाडाचं एक फळ, दोंगुरी, गडगडत जाऊन तळ्यात पडतं. दोजो नावाचा चिखलातला मासा वर येतो आणि त्याला खेळायला बोलावतो. दुसऱ्या कडव्यात दोंगुरीला डोंगराची आठवण येते, ते रडायला लागतं आणि बिचारा मासा अडचणीत येतो. मी जोरात 'दोंगुरिको' म्हटलं, तर चिरंजीव जेवता जेवता थांबले. "चिगाऊ, बाबा! दोंबुरिको!" चिगाऊ म्हणजे चूक. दोंबुरिको हा पाण्यात पडल्याचा आवाज, आपल्या 'डुबुक'सारखा. दोंगुरीशी यमक जुळतं म्हणून जीभ आपोआप तिकडे घसरते. सरावाला गेलो तर निम्मे जपानी पालकही तेच चुकत होते. त्या दिवशी फार बरं वाटलं.

सराव शनिवारी असायचा. 'मोठ्या चेस्टनटच्या झाडाखाली' या गाण्यात शब्द मोजके, सगळी गंमत हातांची. डोक्यावर दोन्ही हातांचं मोठं गोल झाड करायचं, मग हात डोक्यावर, खांद्यावर, खाली. 'तू आणि मी'ला समोरच्याकडे बोट, मग स्वतःकडे, आणि शेवटी एकेक हात छातीवर आडवा ठेवून डुलायचं. सोपं वाटतं ना? पण आम्ही मुलांकडे तोंड करून उभे. मुलं आरशासारखी नक्कल करतात, म्हणून त्यांचा उजवा हात आधी जायला हवा असेल तर आपला डावा न्यायचा. सेन्सेई, म्हणजे तिथल्या शिक्षिका, हे झोपेतही करतात. मला तीन शनिवार लागले, आणि तोवर दोन मुलं माझ्यामुळे डावखुरी झाली होती.

एका शनिवारी धो धो पाऊस. मुलांनी टिश्यू पेपरच्या बाहुल्या करून खिडकीत टांगल्या, तेरु तेरु बोझु. उद्या ऊन पडू दे म्हणून तिला गाण्यात सोन्याची घंटा कबूल करतात, मग गोड साके, आणि तरीही ढग राहिले तर मान कापायची धमकी! मी त्यांना 'ये रे ये रे पावसा' सांगितलं. आम्ही पावसाला उलट बोलावतो, पैसा देतो, आणि तो पैसाही खोटा निघतो. सेन्सेईंना हे फार आवडलं. लाच दोन्हीकडे आहेच.

तिसरं 'काएरु नो उता', बेडकाचं गाणं. आपला बेडूक डराव डराव करतो, यांचा केरो केरो आणि गुवा गुवा. एका गटाने सुरू करायचं, दुसऱ्याने जरा मागून तीच चाल उचलायची. पालक मागून आले की मुलं कानांवर हात दाबून आपली ओळ ओरडत पुढे न्यायची. मी मात्र दर वेळी मुलांच्या ओळीत जाऊन मिसळायचो.

शेवटचं 'यूयाके कोयाके'. याला सराव लागलाच नाही. टोकियोत ठिकठिकाणी आपत्तीच्या सूचना देणारे भोंगे आहेत. ते चालू आहेत ना हे तपासायला रोज संध्याकाळी त्यांवर एखादी धून वाजवतात, आणि आमच्याकडे ती हीच. मुलांना ती घरी जायची खूण. फोनवर आईला गुणगुणून दाखवलं तर तिने पेटी ओढली आणि म्हणाली, "अरे, हा तर भूप!" मी शोधलं. चाल १९२३ची, कुसाकावा शिन यांची. पट्टीचं नाव 'योनानुकी', म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेली. भूप रागासारखेच म आणि नी वर्ज्य. आईने पेटीवर दोन मिनिटांत जे सांगितलं, त्याला मला अर्धी रात्र लागली.

कार्यक्रम झाला. बेडकाच्या गाण्यात मी पुन्हा मुलांच्या गटात गेलो, पण सगळेच हसत होते, त्यामुळे खपून गेलं.

परवा नवी चिठ्ठी आली. मार्चसाठी 'इनु नो ओमावारीसान', पोलिसदादा कुत्रा. हरवलेल्या मांजरीच्या पिल्लाला तो घर विचारतो, तिला सांगता येत नाही. नाव विचारतो, तेही येत नाही. ती नुसती न्यान न्यान करून रडते, आणि गोंधळून तो वान वान करत बसतो. वॉर्ड ऑफिसातला माझा पहिला दिवस हुबेहूब असाच गेला होता. हे गाणं मला सरावाशिवाय येईल.