चिंगीच्या पोटातला गॉज आणि त्यानंतरचे कागद

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात फॉर्मॅलिनची एक लहान बरणी आहे. तिच्यात मुठीत मावेल एवढा, पिवळसर तपकिरी पडलेला गोळा आहे. नीट पाहिले तर त्याच्या एका कडेला विणलेले धागे अजून दिसतात. तो गॉज आहे, म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात ते जाळीदार कापड. आमच्या चिंगीच्या पोटात तो दहा महिने होता आणि त्यातले शेवटचे तीन महिने आम्ही तिच्या कुशीवरच्या एका जखमेवर औषधे लावत बसलो होतो.

चिंगी ही आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सापडलेली गावठी कुत्री. फेब्रुवारीत एका खासगी दवाखान्यात तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी टाके काढले आणि आम्ही तो विषय विसरलो. सप्टेंबरात तिच्या उजव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, लिंबाएवढी गाठ आली, फुटली आणि तिच्यातून पू वाहू लागला. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गळू म्हणून ते साफ केले आणि प्रतिजैविके दिली. जखम सुकली, पंधरा दिवसांनी पुन्हा फुटली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आम्ही दुसऱ्या पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी पोटावरचा जुना व्रण बोटाने चाचपला, मग कुशीवरचे छिद्र पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "हिची नसबंदी कधी झाली?"

त्यांनी नंतर जे समजावले ते इथे सांगते, कारण ही खूण अनेकांच्या कामी येईल. मादीची अंडाशये मूत्रपिंडांच्या मागे, पाठीच्या बाजूला असतात. शस्त्रक्रियेत तिथे रक्तस्राव होऊ लागला तर डॉक्टर गॉज दाबून धरतात. तो काढायचा राहिला तर शरीर त्याच्याभोवती जाड वेष्टण तयार करते आणि आत साचलेला पू वाट शोधत कुशीतून बाहेर येतो. औषध त्या कापडाच्या आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जखम सुकते आणि पुन्हा उघडते. न विरघळणाऱ्या विणलेल्या धाग्याने गाठ मारली असेल तरीही कधीकधी असेच छिद्र पडते, त्यामुळे निदान आधी ठरवून टाकू नये. सोनोग्राफीत गोळा दिसला, डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तो निघाला.

त्या संध्याकाळी माझ्या मनात फक्त संताप होता. तो संताप बाजूला ठेवून पुढचे चार दिवस कागद गोळा करण्यात घालवले, हे आमच्या हातून झालेले सर्वांत शहाणपणाचे काम होते, असे मी आज म्हणू शकते. चिंगीला तिचे दुखणे सांगता आले नाही आणि ग्राहक आयोगासमोर किंवा पशुवैद्यक परिषदेसमोरही ती काही सांगू शकणार नव्हती. तिच्या वतीने बोलतील ते केसपेपर, अहवाल आणि ती बरणी, एवढेच.

अशा वेळी पहिली खबरदारी दुसऱ्या डॉक्टरांच्या टेबलावरच घ्यावी लागते. निघालेली वस्तू कचऱ्यात गेली की ती परत मिळत नाही. ती जपून ठेवा, शक्य असेल तर काढतानाचे छायाचित्र घ्या आणि शस्त्रक्रियेची नोंद लेखी द्या, अशी विनंती आधीच करावी. इथे अनेकांची एक चूक होते. ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारतात, "पहिल्यांनी चूक केली ना?" कोणताही डॉक्टर आपल्या व्यवसायबंधूविरुद्ध असे लिहून द्यायला कचरतो आणि ते समजण्यासारखे आहे. आपल्याला त्यांचा निवाडा नको असतो, त्यांनी डोळ्यांनी काय पाहिले ते हवे असते. "उजव्या मूत्रपिंडामागे वेष्टणात गुंडाळलेला गॉजचा गोळा आढळला, तो काढला, सोबत छायाचित्र" एवढे एक वाक्य, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह मिळाले, तर ते पानभर टीकेपेक्षा जास्त उपयोगी पडते. आम्हाला ते मिळाले, कारण आम्ही तेवढेच मागितले.

पहिल्या दवाखान्याकडे मात्र लेखी मागणी करावी. केसपेपर, संमतिपत्र, भूल कोणती व किती दिली याची नोंद, नंतर दिलेली औषधे आणि पावत्या यांच्या प्रती हव्यात, असे ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कळवावे. फोनवर मागितलेल्या कागदाचा पुरावा उरत नाही. आम्ही शस्त्रक्रियेचे पैसे यूपीआयने दिले होते आणि पावती घेतली नव्हती. बँकेच्या खात्यातली ती नोंद आणि "उद्या सकाळी उपाशीपोटी आणा" हा दवाखान्याकडून आलेला व्हॉट्सॲप संदेश, या दोन गोष्टींवर आमची निम्मी बाजू उभी राहिली. संदेश पुसू नयेत, फोन बदलला तर ते आधी जपून ठेवावेत.

जनावर दगावले असेल तर वेळ फार थोडा असतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंचे मांजर शस्त्रक्रियेनंतर रात्रीतून गेले आणि घरच्यांनी पहाटेच त्याला आंब्याखाली पुरले. दुःखात दुसरे काही सुचत नाही, हे मी जाणते. पण मृत्यू भुलीने झाला, गाठ सुटून पोटात रक्त साचल्याने झाला, की हृदयात आधीपासून दोष होता, हे त्यांना कधीच कळले नाही. शवविच्छेदन करायचे असेल तर देह शक्य तितक्या लवकर, शीत जागी ठेवून न्यावा, पण बर्फासारखा गोठवू नये, कारण गोठल्याने पेशींची रचना बिघडते आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अवघड होते. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथेच शवविच्छेदन करून घेऊ नये. महाराष्ट्रात मुंबईला परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात चौकशी करावी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. कुत्र्याने गळपट्टा काढून टाके चाटले आणि जखम उघडली, तर तो दोष आपलाही असू शकतो. सर्व तपासण्या करूनही एखादे जनावर भूल सहन करत नाही. अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहून मादी पुन्हा माजावर येते, हीसुद्धा ज्ञात गुंतागुंत आहे, जरी ती टाळण्याची काळजी घेणे डॉक्टरांचे काम असले तरी. न्यायालये माणसांच्या डॉक्टरांना जी कसोटी लावतात ती अशी, की त्या व्यवसायातल्या सामान्य कुशल माणसाने त्या परिस्थितीत जी वाजवी काळजी घेतली असती ती घेतली होती का. 2005 साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी स्पष्ट केली आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असेही सांगितले. पोटात राहिलेला गॉज मात्र वेगळ्या जातीचा पुरावा आहे. तिथे वस्तूच बोलते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले आहे. चूक इतकी उघड नसेल तर मात्र तज्ज्ञाच्या मताशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तक्रारीची दारे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दारामागे वेगळी गोष्ट मिळते, हे मला सुरुवातीला कळले नव्हते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 प्रमाणे नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच शस्त्रक्रिया करता येते. महाराष्ट्राची राज्य पशुवैद्यक परिषद नागपूरला आहे. म्हणून पहिल्यांदा पाहावे ते हे, की डॉक्टरांचे नाव नोंदवहीत आहे की नाही. गावाकडे अनुभवी माणसे बारीकसारीक उपचार करतात. पण पोट उघडण्याचे काम नोंदणी नसलेल्या माणसाने केले असेल तर प्रकरण चुकीपुरते उरत नाही. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाले तर चौकशीनंतर, डॉक्टरांची बाजू ऐकून, नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार राज्य परिषदेला आहे. परिषद आपल्याला पैसे मिळवून देत नाही.

पैशांसाठी ग्राहक आयोग. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे 1995 पासून ठरलेले आहे आणि पशुवैद्यकांच्या सेवेबाबतच्या तक्रारीही आयोगांपुढे चालतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मग दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात का असेना. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. त्याआधी सल्ला हवा असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. कायद्याच्या लेखी जनावर ही अजून मालमत्ताच आहे. दुसऱ्या उपचाराचा खर्च, मूळ शुल्क, मनस्तापाबद्दल काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढे मागणे वाजवी ठरते आणि त्यासाठी प्रत्येक पावती लागते. महापालिकेच्या मोफत नसबंदी मोहिमेत शस्त्रक्रिया झाली असेल तर हे दार सहसा बंद असते, कारण विनामूल्य सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तिथे महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नेमलेल्या स्थानिक देखरेख समितीकडे लेखी तक्रार करावी.

मुदत दोन वर्षांची आहे. पोटात राहिलेली वस्तू उशिरा सापडली तर मुदत सापडल्यापासून मोजायची का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 2010 साली आला होता. त्यातल्या महिला रुग्णावर 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि 2002 मध्ये पोटातून गॉज निघाला. त्या स्वतः परिचारिका होत्या. एवढी वर्षे दुखत असूनही त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणा केली नाही, याकडे बोट दाखवून न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशिरा लागलेल्या शोधाचा लाभ मिळू शकतो, पण लक्षणे दिसत असताना स्वस्थ बसलेल्याला तो मिळेलच असे नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. जखम दुसऱ्यांदा फुटल्यावर आम्ही थांबायला नको होते.

पोलिसांकडे जाण्याचा आग्रह मला अनेकांनी केला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावराला मारणे किंवा अपंग करणे हा गुन्हा आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तसे नुकसान होणार याची जाणीव असावी लागते. विसरलेल्या गॉजला ते कलम लावायला जाणे म्हणजे आपल्याच बाजूची विश्वासार्हता घालवणे. दवाखान्याच्या नावानिशी समाजमाध्यमावर लिहिण्याचा मोहही मी आवरला. कागद पूर्ण होण्याआधी लिहिलेला एखादा अतिरेकी शब्द अब्रुनुकसानीच्या नोटिशीला कारण होतो आणि मग मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी आम्ही पहिल्या डॉक्टरांकडे वेळ मागून गेलो. सोबत बरणीचे छायाचित्र, सोनोग्राफीचा अहवाल आणि घटनाक्रमाचे दीड पान होते. बरणी घरीच ठेवली, कारण मूळ पुरावा कोणाच्याही हाती द्यायचा नसतो. ते बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, त्या दिवशी मदतनीस रजेवर होता आणि पोट बंद करण्यापूर्वी गॉज मोजले गेले नाहीत. मी विचारले, एरवी मोजता का आणि त्याची नोंद कुठे करता. त्यांच्याकडे तशी नोंदवही नव्हती.

दोन आठवड्यांनी त्यांनी तडजोडीचा मसुदा पाठवला. नसबंदीचे शुल्क आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च देण्याची तयारी त्यात होती. शेवटी एक ओळ होती, की आम्ही राज्य परिषदेकडे कधीही तक्रार करणार नाही आणि या विषयावर कोणाशी बोलणार नाही. रक्कम स्वीकारल्यावर पैशांची मागणी संपली, हे लिहून द्यायला आमची हरकत नव्हती. पण ती ओळ आम्ही मान्य केली नाही. तिच्याऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेत गॉज व अवजारे सुरुवातीला आणि पोट बंद करण्यापूर्वी मोजून केसपेपरवर लिहिली जातील, हे वाक्य घाला, असे आम्ही सुचवले. चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला आणि बोलावून घेतले. जुनी ओळ त्यांनी आमच्यासमोर पेनाने खोडली, बाजूला आद्याक्षरे केली, नवे वाक्य हाताने लिहिले आणि मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. टेबलावर त्या दिवशीचा एक केसपेपर उघडा होता. त्याच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिले होते: गॉज 10, परत 10.