फक्त पडू नका

ताईंनी वही माझ्यापुढे सरकवली तेव्हा काकूंचे व्यायाम निम्मेच झाले होते. शाळेची दोनशे पानी वही, पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ. डावीकडे 'चांगलं', उजवीकडे 'वाईट'.

"अकरा जणांशी बोलले," ताई म्हणाल्या. "सहा डावीकडे, पाच उजवीकडे. आता काय, छापा-काटा करू?"

सगळं एकाच जागेबद्दल होतं. खारघर ओलांडून तळोज्याच्या अंगाला ज्येष्ठांसाठी बांधलेलं संकुल. एक बाई म्हणाल्या होत्या, आईचं वय दहा वर्षांनी कमी झालं. एक गृहस्थ म्हणाले होते, शत्रूलाही पाठवू नका. एका ओळीत 'जेवण घरच्यासारखं', तिच्यासमोरच 'जेवण घशाखाली उतरत नाही'. 'माणसं देवासारखी' आणि 'बेल दाबून दाबून बोट दुखतं', हेही समोरासमोर.

मी फिजिओथेरपिस्ट. ठाण्यात घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते, त्याला अठरा वर्षं झाली. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, फार तर कोपरी. त्यापलीकडे स्कूटर नेत नाही. काकू नौपाड्यातल्या, वय ७९. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यात इमारत पुनर्विकासाला गेलेली. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची नोटीस दाराला चिकटवलेली. मुलगा बंगळुरूला. मुलगी, म्हणजे ताई, डोंबिवलीला, सासू-सासऱ्यांसह दोन खोल्यांत. बिल्डर भाडं देणार होता, पण प्रश्न भाड्याचा नव्हताच. काकूंना रात्री बाथरूमला उठताना कोणीतरी लागायचं.

"तुम्ही याल का आमच्याबरोबर बघायला?" ताईंनी विचारलं. "तुम्हाला यातलं कळतं."

मला यातलं कळतं असं मलाही वाटायचं. काही वर्षांपूर्वी चरईतल्या एका पार्किन्सनच्या पेशंटला मी अशीच एक जागा सुचवली होती, दुसरीकडची. माझा एक जुना पेशंट तिथे मजेत होता, रोज फिरायचा, भजनी मंडळ चालवायचा. त्याच्या एका शब्दावर मी मत देऊन टाकलं. चरईच्या काकांना आठ महिन्यांत चालता येईना, त्यांना वेगळ्या मजल्यावर हलवलं आणि महिन्याचा आकडा दुपटीच्या घरात गेला. त्यांचा मुलगा आजही गोखले रोडवर समोरून आला की रस्ता ओलांडतो. त्याचं चूक नाही. मी त्यांना भजनी मंडळवाल्याचं आयुष्य सांगितलं होतं, त्यांचं नव्हे.

म्हणून गेले. रविवार होता, पेशंट नव्हते.

निघण्याआधी काकूंची उठा-चाला चाचणी घेतली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बाराच्या वर सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरायचा. एप्रिलमध्ये काकूंना २२ लागत होते, त्या सकाळी १५. "पास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एटीकेटी."

काकूंबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आधी बॉम्बे टेलिफोन्स, मग १९८६ पासून एमटीएनएल. ट्रंक कॉल लावून द्यायचं काम, हेडफोन लावून दिवसाला शेकडो आवाज. व्यायाम करतानाही त्या खाली जिन्यावर कोण आलं ते पावलांवरून सांगतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे मागे पडत गेलं आणि त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तू बघ, मी ऐकते."

मॅनेजर उत्साही होते. कॅरम, लायब्ररी, छोटंसं देऊळ, ज्येष्ठांना सोसेल अशी उतरण. महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले, दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, लिफ्टला दिसणारी आणि ऐकू येणारी सूचना वगैरे, त्यातलं इथे बहुतेक सगळं होतं. व्हीलचेअर दारातून अलगद जात होती. मला खोट काढायची घाई नव्हती, उलट बरं वाटत होतं.

"आणि आता एअरपोर्टही जवळ आला," मॅनेजर म्हणाले. "मुलं परदेशातून थेट भेटायला येऊ शकतात."

"हॉस्पिटल किती मिनिटांवर?" काकू.

"टाय-अप आहे आमचं."

"मिनिटं विचारली मी."

संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पस्तीस-चाळीस. त्यांनी सांगितलं बिचाऱ्यांनी, लपवलं नाही.

दाखवायची खोली कधीच बघू नये, असं माझं मत आहे. ती दाखवण्यासाठीच असते. मी जेवणाच्या हॉलशेजारचं सामायिक टॉयलेट बघितलं. कमोडच्या बाजूला आधाराचा स्टीलचा दांडा होता, त्यावर पूर्ण वजन टाकून रेलले. एक स्क्रू सैल. दांडा बोटभर हलला. टॉवेलचा दांडा म्हणून उत्तम होता. ज्याचा खुबा बदललाय त्याच्यासाठी तो नसलेलाच बरा, कारण नसेल तर माणूस निदान त्याच्यावर विश्वास तरी ठेवत नाही. मॅनेजरांनी लगेच फोन करून कोणाला तरी झापलं.

जेवणात भात, आमटी, दुधी, पोळी. शेजारच्या टेबलावर एक आजी पार पेटलेल्या. आमटीला मीठ नाही, फोडणी नाही, पोळी वातड, सात वाजता रात्रीचं जेवण म्हणजे काय दवाखाना आहे का! ताईंनी वही काढून उजवीकडे लिहायला घेतलं. काकूंनी त्यांचा हात धरला.

"लिहू नकोस. बाई ठणठणीत आहे. मॅनेजर दोन हातांवर उभा आहे आणि ही त्याच्या तोंडावर बोलतेय. इथे बोललेलं चालतं, एवढंच त्याच्यातून घे."

मला हे सुचलं नसतं. मी आमटी चाखून बघत होते. (मीठ खरंच कमी होतं. ब्लडप्रेशरवाल्यांच्या स्वयंपाकात ते तसंच असणार.)

खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका भेटले, चार वर्षं इथे. लाइट बिल नाही, कामवाली नाही, सुनेशी वाद नाही. त्यांचा आवाजच सांगत होता की ते खरं बोलताहेत. आणखी दोघी भेटल्या, त्याही खूष. वहीचा डावा रकाना डोळ्यांसमोर हिंडताफिरता दिसत होता.

चहाच्या वेळी ताई कार्यालयात कागद घेत होत्या, मी लिफ्टपाशी काकूंचा वॉकर धरून उभी होते. बाकावर एक बारीकशा बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, पायात मोजे. काकूंनी विचारलं, "कसं आहे हो इथे?"

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग लिफ्टच्या दाराकडे बघून, हळूच: "फक्त पडू नका."

लिफ्ट आली, त्या गेल्या. दुसऱ्या मजल्याचं बटण पेटलं.

दुसरा मजला आम्हाला दाखवलाच नव्हता. मॅनेजर म्हणाले, तिथे आजारी मंडळी असतात, त्यांचा खाजगीपणा जपायला हवा. ते खरंच आहे. मी म्हटलं, माझी पेशंट उद्या तिथेच असू शकते, मला पाच मिनिटं एकटीला जाऊ द्या, कोणाशी बोलणार नाही. त्यांनी जाऊ दिलं.

पाच मिनिटांत जे दिसलं ते सांगते. भिंतीला ओळीने वॉकर उभे होते. मी सवयीने खाली बघितलं. वॉकरच्या पायांना काळी रबरी टोपणं असतात, ती झिजली की आतली नळी फरशीला लागते आणि वॉकर घसरतो. सातपैकी चार वॉकरची टोपणं झिजून आतला धातू चमकत होता. टोपण किरकोळ पैशांत मिळतं. प्रश्न पैशांचा नसतो, रोज खाली वाकून बघणारं माणूस आहे का, याचा असतो. एका खोलीत बेलची दोरी गुंडाळून पडद्याच्या दांड्यावर टाकलेली. बहुधा झाडताना वर केली आणि तशीच राहिली. खाटेवरच्या आजोबांचा हात तिथे पोचण्यातला नव्हता.

आणि त्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत एक विशी-बाविशीची मुलगी एका आजींना पेज भरवत होती. स्टूल खाली ओढून आजींच्या डोळ्यांच्या पातळीला बसलेली. एक चमचा, मग त्यांचा गळा हलेपर्यंत थांबायची, मग दुसरा. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. लकव्याच्या पेशंटला असं भरवणं मी नातेवाइकांना शिकवून शिकवून थकते.

खाली येऊन विचारलं, त्या मजल्यावर किती जण? एकोणीस. दिवसा मदतनीस? चार. रात्री? "दोन," मॅनेजर म्हणाले, आणि त्या 'दोन'च्या आधी ते थांबले. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

करारात अनामत, दरवर्षीची वाढ, लवकर सोडल्यास किती कापणार, हे सगळं स्पष्ट होतं. ताईंनी ते आधीच वाचलेलं. काकूंनी चष्मा लावून एकाच कलमावर बोट ठेवलं: रहिवाशाची प्रकृती पाहून त्याला सहाय्यित विभागात हलवण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा राहील व त्या वेळी लागू असलेला दर आकारला जाईल.

"त्या वेळी लागू असलेला म्हणजे आज किती?"

आजचा आकडा त्यांनी सांगितला. खालच्या मजल्याच्या पावणेदोन पट.

"आणि मी बरी झाले तर परत खाली?"

"खोली रिकामी असेल तर नक्की."

परतीच्या वाटेवर काकूंनी ताईंकडून वही मागून घेतली. ज्या पानावर ती रेघ होती ते उलटलं, नव्या पानावर पेनाने वाकडीतिकडी दुसरी रेघ ओढली आणि डोक्यावर लिहिलं: 'चालतो' आणि 'चालत नाही'. मग ताईंना एकेकाला विचारायला लावलं. आई चालायची का? वडील बेडवर होते का? ताईंना आठवेना तिथे गाडीतूनच फोन. शीळफाट्याला अडकलो होतो, वेळच वेळ होता.

चांगलं म्हणणाऱ्या सहांतले पाच स्वतः चालणारे, किंवा चालणाऱ्यांची मुलं. सहाव्या बाईंचे वडील दीड वर्ष अंथरुणात होते, तरी त्या तारीफ करत होत्या. इथे माझा हिशेब गडबडला. काकूंनी फोन हातात घेतला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्या आणि निघालं, की त्यांनी वडिलांसाठी स्वतःची चोवीस तासांची बाई ठेवली होती, पगार वेगळा. ताईंना त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण ताईंनी विचारलं नव्हतं. उजवीकडच्या पाचांतले चार जण पडलेल्यांचे किंवा झोपून असलेल्यांचे नातेवाईक. पाचवे गृहस्थ धडधाकट होते, तीन महिन्यांत सोडून गेले. कारण विचारलं तर म्हणाले, काही नाही, तसंच.

"हे कुठल्या रकान्यात घालू?" ताई.

"त्याला करमलं नसेल," काकू म्हणाल्या. "त्याला रकाना नाही."

अकरापैकी खोटं कोणीच बोललं नव्हतं. त्या दोन वेगवेगळ्या जागा होत्या, पत्ता एक होता. आणि काकूंचे पंधरा सेकंद दोन्हींच्या बरोबर मधे, जिन्यावर उभे होते. मला विचाराल तर मी त्या दिवशी नको म्हटलं असतं. नौपाड्यातच लिफ्टची जागा भाड्याने बघा, रात्रीची बाई ठेवा, असं बोलूनही दाखवलं. ताईंनी हिशेब मांडला. बाई सुट्टीवर गेली की डोंबिवलीहून कोण येणार, इथे गाडं अडलं. मी गप्प बसले. रात्रीची बाई न सांगता गायब झालेली घरं मी दर महिन्याला बघते.

पुढच्या गुरुवारी व्यायामाला गेले तर काकूंचे डोळे सुजलेले. झोप झाली नाही का विचारलं.

"तीन रात्री फोन केला मी तिथे," त्या म्हणाल्या. "अडीच वाजता."

तेहेतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी रिंगा मोजल्या होत्या. पहिल्या रात्री पाचव्या रिंगला उचलला. दुसऱ्या रात्री, मंगळवारी, पूर्ण वाजून बंद झाला, परत लावला, परत तेच. तिसऱ्या रात्री चौथ्या रिंगला. पहिल्या रात्रीचाच मुलगा.

"काय बोललात?"

"मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, आजी, परवा पण तुम्हीच होतात ना? झोप येत नाही का?"

"मग?"

"मग काय, बोललो थोडं. जालन्याचा आहे. आवाजात झोप नव्हती त्याच्या." त्यांनी पाय सरळ केला, मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. "पंधरा दिवस राहून बघते, असं ताईला सांगितलंय. पैसे भरायच्या आधी. तू तेवढं त्या मॅनेजरला विचार, मंगळवारी रात्री कोण असतं ते."